अमेरिकेची निवडणूक: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

दर चार वर्षांनी ऑक्टोबर उजाडला की हे प्रश्न सुरू होतात. काही इथून बातम्या पाहणाऱ्यांचे, काही अमेरिकेत पंधरा वर्षं राहून अजून मतदानाचा हक्क नसलेल्यांचे. तेच तेच टंकून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. प्रश्न ४ चा धागा पुढेही येईल. तो एक प्रश्न नीट कळला की बाकीचे निम्मे आपोआप सुटतात.

१. तिथे निवडणूक आयोग नाही का? मग निकाल जाहीर कोण करतं?

देशभरची निवडणूक एका हाती घेणारा आपल्यासारखा आयोग तिथे नाही. फेडरल इलेक्शन कमिशन नावाची संस्था आहे, पण ती प्रचाराच्या पैशाचा हिशेब बघते. मतपत्रिका छापणं, याद्या ठेवणं, मोजणी हे सगळं राज्यांचं काम, आणि प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी काउंटीचं (आपल्या जिल्ह्यासारखा भाग). त्यामुळे नियम राज्यागणिक वेगळे. फ्लोरिडात टपाली मतांची छाननी मतदानाच्या आधीच सुरू होते. पेन्सिल्वेनियात त्या दिवशी सकाळपर्यंत पाकिटाला हात लावता येत नाही. तिथला निकाल लांबला की 'घोळ चाललाय' अशी बोंब उठते, पण उशिराचं मूळ बहुधा या नियमात असतं.

रात्री टीव्हीवर दिसतो तो 'निकाल' म्हणजे माध्यमांनी मोजलेल्या मतांवरून काढलेला निष्कर्ष. असोसिएटेड प्रेस हे काम १८४८ पासून करते आहे. कायद्याने निकाल लागतो तो नंतर: राज्यं आकडे प्रमाणित करतात, डिसेंबरात इलेक्टर (प्रश्न २ पाहा) मतं देतात आणि ६ जानेवारीला काँग्रेस, म्हणजे तिथली संसद (प्रतिनिधिगृह आणि सेनेट), ती मोजते. माध्यमं चुकतातही. २००० साली वाहिन्यांनी फ्लोरिडा आधी डेमोक्रॅट अल गोर यांना दिलं, मग मागे घेतलं, मध्यरात्रीनंतर रिपब्लिकन जॉर्ज बुश यांना दिलं, तेही मागे घेतलं. शेवट झाला १२ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयात. फरक होता ५३७ मतांचा.

२. जास्त मतं मिळवूनही उमेदवार हरतो, हे कसं काय?

कारण राष्ट्राध्यक्षाला थेट मतदार निवडत नाहीत; राज्याराज्यांतून मतदारांनी निवडलेले ५३८ प्रतिनिधी, म्हणजे इलेक्टर, निवडतात. प्रतिनिधिगृहाच्या ४३५ आणि सेनेटच्या १०० जागांइतके इलेक्टर राज्यांना मिळतात, राजधानी वॉशिंग्टन डीसीला ३. जिंकायला २७० लागतात. जवळपास सगळ्या राज्यांत एका मताने पुढे असलात तरी तिथले सगळे इलेक्टर तुमचे. दहा लाखांनी पुढे असलात तरी तेवढेच. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून जास्त मतं अधिक पडली, पण त्यातली बरीचशी कॅलिफोर्नियासारख्या आधीच जिंकलेल्या राज्यात साठून राहिली. असंच १८७६, १८८८ आणि २००० मध्येही झालं. १८२४ चा किस्सा थोडा वेगळा, तो प्रश्न १८ मध्ये.

अपवाद दोन: मेन आणि नेब्रास्का. तिथे दोन इलेक्टर राज्यातल्या विजेत्याला आणि बाकीचे प्रत्येक मतदारसंघातल्या विजेत्याला मिळतात.

३. सगळा प्रचार त्याच सहा-सात राज्यांत का?

वरच्या हिशेबामुळेच. २०२४ मध्ये पेन्सिल्वेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, अ‍ॅरिझोना आणि नेवाडा ही सात राज्यं काठावर होती. बाकी ठिकाणी कोण येणार हे आधीच ठरलेलं. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या दारावर कुणी आलं नाही, तर त्यात अपमान मानू नये.

४. प्रायमरी म्हणजे नक्की काय? पक्षाचं तिकीट कोण देतं?

आपल्याकडे तिकीट वरून येतं. यादी दिल्लीत किंवा मुंबईत ठरते, नाव नसलं की कार्यकर्ते रडतात आणि कुणीतरी बंडखोरी करून अपक्ष उभा राहतो. अमेरिकेत पक्षाध्यक्षाला तो अधिकारच नाही. तिकीट मतदार देतात, त्यासाठी सरकारी यंत्रणेवर वेगळी निवडणूक होते, तीच प्रायमरी.

हे नेहमीच असं नव्हतं. १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनात आत आणि बाहेर रस्त्यावर जो गदारोळ झाला त्यानंतर पक्षाने नियम बदलले, आणि १९७२ पासून तिकीटवाटप नेत्यांच्या खोलीतून मतदारांकडे गेलं. रिपब्लिकनही त्याच वाटेने गेले. म्हणूनच २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षातल्या बहुतेक बड्या नेत्यांना नको असलेले ट्रम्प त्याच पक्षाचे उमेदवार होऊ शकले. त्यांना थांबवायला कुणाच्या हातात एबी फॉर्म नव्हता.

मेख अशी की प्रायमरीला मतदार कमी येतात. येतात ते जास्त कडवे, जास्त वयाचे, पक्षाशी जास्त बांधलेले. आणि बरेचसे मतदारसंघ एकाच पक्षाचे बालेकिल्ले असल्यामुळे नोव्हेंबरची मुख्य लढत नुसती औपचारिकता उरते.

मराठी वाचकाला जवळचं उदाहरण श्री ठाणेदार यांचं. चिकोडीत जन्म, बालपण बेळगावात. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरी लढले आणि तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइट परिसरातून प्रतिनिधिगृहासाठी उभे राहिले. प्रायमरीत इतके उमेदवार होते की ३० टक्क्यांहून कमी मतांवर ते जिंकले. मतदारसंघ डेमोक्रॅट्सचा, त्यामुळे नोव्हेंबरची चिंताच नव्हती. यात त्यांनी काही वावगं केलं नाही, नियमच तसा आहे. पण लोकमत शेवटी कोणाचं मोजलं जातं, याचं उत्तर इथे सापडतं. माझ्या मते अमेरिकेची खरी निवडणूक हीच, आणि आपले वार्ताहर नेमके तेव्हा तिथे नसतात.

५. 'रजिस्टर्ड डेमोक्रॅट' म्हणजे पक्षाचा सदस्य का? वर्गणी असते का?

वर्गणी नाही, पावती नाही, व्हिपही नाही. मतदार म्हणून नाव नोंदवताना अनेक राज्यांत पक्षाचा रकाना असतो, तिथे केलेली ही खूण. 'बंद' प्रायमरी असलेल्या राज्यांत त्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायला ती लागते. 'खुल्या' राज्यांत कुणीही कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. कॅलिफोर्नियात काँग्रेस आणि राज्यातल्या पदांसाठी तर सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोन पुढे जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. नॉर्थ डकोटात मतदार नोंदणीच नाही. नोव्हेंबरात मात्र कुठलीही खूण असली तरी मत कुणालाही देता येतं.

६. एवढ्या मोठ्या देशात दोनच पक्ष?

पक्ष बरेच आहेत, जिंकत नाहीत. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना जवळजवळ १९ टक्के मतं पडली आणि इलेक्टर शून्य. सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो ही पद्धत आपल्याकडेही आहे, पण आपल्याकडे प्रादेशिक पक्ष आपापल्या राज्यात पहिले येतात आणि दिल्लीत आघाडी करतात. तिथे सत्तेची मुख्य खुर्ची एकच, तिची आघाडीत वाटणी करता येत नाही. शिवाय तिसऱ्याने खाल्लेली मतं महागात पडतात: २००० मध्ये फ्लोरिडात राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मतं होती, आणि बुश-गोर फरक प्रश्न १ मध्ये दिलाय.

त्यातून प्रायमरीमुळे बंडखोराला बाहेर पडायची गरजच राहत नाही. तो आतूनच पक्ष ताब्यात घेऊ शकतो.

७. लिंकन रिपब्लिकन होते ना? मग कृष्णवर्णीय मतं डेमोक्रॅट्सकडे कशी?

पक्षांची नावं तीच राहिली, माणसं फिरली. यादवी युद्धानंतर जवळजवळ शंभर वर्षं दक्षिणेतली गोरी मतं डेमोक्रॅट्सची होती. कृष्णवर्णीय मतदार १९३० च्या दशकात, रूझवेल्ट यांच्या काळात, डेमोक्रॅट्सकडे वळू लागले. १९६४ चा नागरी हक्क कायदा डेमोक्रॅट लिंडन जॉन्सन यांनी आणला, त्याच वर्षी त्याला विरोध करणारे बॅरी गोल्डवॉटर रिपब्लिकन उमेदवार झाले, आणि दक्षिणेच्या खोल भागातली पाच राज्यं त्यांच्याकडे गेली. काँग्रेसच्या आणि राज्यांच्या पातळीवर हा बदल मुरायला आणखी तीस वर्षं लागली.

रिपब्लिकन लाल आणि डेमोक्रॅट निळे, या रंगांचं म्हणाल तर ते २००० नंतरचं. त्याआधी वाहिन्या आपापल्या मर्जीने रंग द्यायच्या.

८. ३४ कोटींच्या देशात हजार लोकांना विचारून मत कळतं?

शितावरून भाताची परीक्षा. पण शीत पातेल्याच्या कुठल्याही भागातून उचलता आलं पाहिजे; वरवरचं घेतलं तर खाली करपलेलं कळत नाही.

१९३६ मध्ये 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या. निष्कर्ष: रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते काढले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कोणाकडे होती, हे सांगायला नको. त्यात उत्तर पाठवायची तसदी घेतली ती रूझवेल्टवर चिडलेल्यांनी जास्त. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला. साप्ताहिक दोन वर्षांत बंद पडलं.

हजारांच्या चांगल्या नमुन्यात सुमारे ३ टक्के इकडेतिकडे होतात, तेही प्रत्येक उमेदवाराच्या आकड्यात. दोघांमधल्या अंतरात चूक त्याच्या जवळपास दुप्पट असू शकते. '२ टक्क्यांनी आघाडीवर' अशी बातमी आली की 'बरोबरीत' असं वाचावं.

९. मग २०१६ मध्ये सगळे तोंडावर का पडले?

देशभरच्या चाचण्या फारशा चुकल्या नव्हत्या. चुकल्या त्या राज्यांच्या, विशेषतः मिशिगन-विस्कॉन्सिन पट्ट्यातल्या. पदवीधर लोक चाचणीला जास्त उत्तर देतात, आणि त्या वर्षी पदवी आहे की नाही यावर मत फार फिरलं होतं. अनेक संस्थांनी तो फरक हिशेबात धरलाच नव्हता. काही मतदारांनी शेवटच्या आठवड्यात मन बनवलं, तेही बरेचसे ट्रम्प यांच्याकडे.

गंमत अशी की २०२० मध्ये चाचण्यांची चूक आणखी मोठी होती, देशभरच्या मतांच्या बाबतीत ४० वर्षांतली सर्वांत मोठी. विजेता बरोबर निघाला म्हणून कुणी आरडाओरडा केला नाही.

१०. बहुसंख्य लोकांना हवा असलेला कायदा होत का नाही? बंदुकांचंच बघा.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, बहुधा गोळीबाराची बातमी आल्यावर. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हुकच्या शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. बंदूक विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासावी, याला त्यानंतरच्या चाचण्यांमध्ये ८० ते ९० टक्के लोकांचा पाठिंबा होता. एप्रिल २०१३ मध्ये सेनेटमध्ये दुरुस्ती आली, ५४ विरुद्ध ४६ मतं पडली, आणि ती पडली. बहुमत मिळूनही! कारण चर्चा थांबवून पुढे जायला तिथे ६० मतं लागतात.

सेनेटमध्ये दर राज्याला दोन जागा. सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगला दोन, चार कोटींच्या आसपास असलेल्या कॅलिफोर्नियालाही दोन. बंदुका जिथे घरोघरी आहेत ती ग्रामीण राज्यं लोकसंख्येने लहान, सेनेटमध्ये मात्र भारी.

तरीही खरं कारण मला याहून वेगळं वाटतं. चाचणी विचारते 'तुम्हाला हवं का?', 'त्यासाठी मत फिरवाल का?' हे सहसा विचारत नाही. पाठिंबा देणाऱ्या ९० जणांच्या यादीत हा विषय पाचवा-सहावा असतो. विरोध करणाऱ्या दहांच्या यादीत पहिला, आणि ते दहा प्रायमरीला हमखास येतात (प्रश्न ४). लोकप्रतिनिधी त्यांना घाबरतो.

लोकमत नाशिवंतही असतं. आखाती युद्धानंतर १९९१ मध्ये थोरल्या बुश यांच्या कामगिरीवर गॅलपच्या चाचणीत ८९ टक्के खूश होते. पुढच्याच वर्षी ३७ टक्के मतं घेऊन ते हरले.

पण काहीच होत नाही असंही नाही. समलिंगी विवाहाला १९९६ मध्ये गॅलपने मोजलेला पाठिंबा २७ टक्के होता, २०१५ मध्ये ६०. ओबामांनी जाहीर पाठिंबा दिला तो मे २०१२ मध्ये, म्हणजे लोक अर्ध्यावर येऊन ठेपल्यानंतर. पुढारी मागून आला.

११. लोक थेट मतदानाने कायदा करू शकत नाहीत का?

देशपातळीवर नाही, तशी तरतूदच नाही. सुमारे निम्म्या राज्यांत सह्या गोळा करून एखादा विषय मतपत्रिकेवर आणता येतो. शिवाय विधिमंडळही प्रश्न लोकांपुढे ठेवू शकतं, आणि ते कधी अंगाशी येतं. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅन्ससच्या विधिमंडळाने गर्भपाताचं घटनात्मक संरक्षण काढण्याचा प्रस्ताव ठेवला. पक्क्या रिपब्लिकन राज्यातल्या सुमारे ५९ टक्के मतदारांनी तो फेटाळला. त्याच राज्याने २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकनांनाच मत दिलं. विषयावरचं मत वेगळं, पक्षावरचं वेगळं.

मेख: काही राज्यांत साधं बहुमत पुरत नाही. फ्लोरिडात २०२४ मध्ये गर्भपात हक्काच्या बाजूने ५७ टक्के मतं पडली आणि प्रस्ताव हरला, कारण तिथे ६० लागतात.

१२. जेरीमँडरिंग हा काय प्रकार आहे?

मतदारसंघाच्या सीमा आपल्या सोयीने आखणं. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी मंजूर केलेल्या नकाशातला एक मतदारसंघ सॅलॅमँडर या पालीसारख्या प्राण्यासारखा दिसत होता; गेरी आणि सॅलॅमँडर मिळून हा शब्द आला. आपल्याकडे सीमा परिसीमन आयोग आखतो. तिथे बहुतेक राज्यांत विधिमंडळच आखतं, म्हणजे उमेदवारच मतदार निवडतात. पक्षीय हेतूने आखलेल्या नकाशात केंद्रीय न्यायालयं पडणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगून टाकलं. एरवी हे काम दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर होतं, पण २०२५ मध्ये टेक्सासने मध्येच नकाशा बदलला आणि कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबरात प्रत्युत्तराचा नकाशा मंजूर केला.

सेनेटच्या निवडणुकीला हे लागू नाही. राज्याच्या सीमा कुणी हलवत नाही.

१३. तिथली चॅनेलं इतकी उघड एका बाजूची कशी?

याचं ठरलेलं उत्तर असं: १९४९ पासून 'फेअरनेस डॉक्ट्रिन' हा नियम होता, वादाच्या विषयावर दोन्ही बाजू दाखवा म्हणून, तो १९८७ मध्ये गेला आणि सगळं बिघडलं. हे अर्धंच खरं. रेडिओवर परिणाम झाला. उजव्या विचारांचे निवेदक रश लिंबॉ यांचा देशभर जाणारा कार्यक्रम १९८८ मध्ये सुरू झाला. फॉक्स न्यूज आणि एमएसएनबीसी १९९६ मध्ये आलेल्या केबल वाहिन्या. तो नियम हवेतून प्रसारण करणाऱ्या परवानाधारकांसाठी होता, त्यामुळे राहिला असता तरी केबलला बहुधा लागला नसता.

मला चॅनेलांपेक्षा स्थानिक वृत्तपत्रांची जास्त काळजी वाटते. २००५ नंतर अमेरिकेतली एक तृतीयांशाहून जास्त वर्तमानपत्रं बंद पडली. काउंटीच्या रस्त्याचा ठेका कुणाला गेला हे छापणारा माणूसच गेला, की शाळा समितीच्या निवडणुकीतही लोक वॉशिंग्टनच्या भांडणावरून मत देतात.

१४. खोटं दाखवलं तर शिक्षा नाही?

राजकारणात खोटं बोलणं हा सहसा गुन्हा नाही. बदनामीचा दावा करता येतो, पण सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ च्या सलिव्हन निकालापासून सार्वजनिक व्यक्तीला हे सिद्ध करावं लागतं की समोरच्याला खोटं आहे हे माहीत होतं, किंवा त्याने खऱ्या-खोट्याची पर्वाच केली नाही. फार अवघड. तरी २०२० च्या मतदान यंत्रांवरच्या आरोपांप्रकरणी फॉक्सने एप्रिल २०२३ मध्ये डॉमिनियन कंपनीला ७८.७५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

उमेदवाराच्या स्वतःच्या जाहिरातीला मात्र टीव्ही आणि रेडिओ केंद्रांना कात्री लावता येत नाही, ती धादांत खोटी असली तरी. बाहेरच्या गटाची जाहिरात नाकारता येते.

१५. टीव्हीवरच्या वादविवादाने निकाल फिरतो का?

क्वचित. केनेडी-निक्सन वाद (२६ सप्टेंबर १९६०) रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन आणि टीव्हीवर पाहणाऱ्यांना केनेडी जिंकले असं वाटलं, ही गोष्ट सगळे सांगतात. तिला पुरावा फार तोकडा आहे. एक वाद मात्र खरोखर भोवला. २७ जून २०२४ ला बायडन अडखळले आणि २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. तिथेही मतदारांआधी त्यांच्याच पक्षाचे नेते हलले.

१६. पैसा ओतला की जिंकता येतं का?

उमेदवाराला थेट द्यायच्या देणगीला मर्यादा आहे, काही हजार डॉलरची. पण उमेदवाराशी संगनमत न करता स्वतंत्रपणे खर्च करायला सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या 'सिटिझन्स युनायटेड' निकालानंतर मर्यादा उरली नाही. त्यातून सुपर पॅक, म्हणजे असा अमर्याद खर्च करणारे गट, जन्मले. २०२४ मध्ये एलॉन मस्क यांनी २५ कोटी डॉलरहून जास्त लावले. उलट २०२० मध्ये मायकल ब्लूमबर्ग यांनी प्रायमरीत स्वतःचे सुमारे १०० कोटी डॉलर घालून जिंकलं काय, तर पॅसिफिकमधला अमेरिकन सामोआ हा चिमुकला अमेरिकी प्रदेश. ओळख नसलेल्या उमेदवाराला पैसा लोकांसमोर आणतो; लोकांना उमेदवार आवडला नाही तर त्यापुढे पैसाही हात टेकतो.

१७. मी एच-वन-बीवर आहे. देणगी, प्रचार, मत यातलं काय चालतं? आणि अमेरिकेचा नागरिक असलेला माझा भाऊ पुण्यात राहतो, त्याचं काय?

मत नाही. देणगीही नाही, अगदी पाच डॉलरचीसुद्धा. मोबदला न घेता स्वयंसेवक म्हणून काम करता येतं. ग्रीन कार्डवाल्याला देणगी चालते, मत नाही. मेरीलँडमधल्या टाकोमा पार्कसारख्या काही गावांत स्थानिक निवडणुकीत नागरिक नसलेल्यांनाही मत आहे, पण तेवढ्यावर विसंबून कुठलाही मतदार फॉर्म भरू नका. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर 'नाव नोंदवायचं का?' असं विचारतात, तिथे चुकून 'हो' म्हटलं तर पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडकतो, कधी देश सोडायची वेळ येते.

भावाला मत आहे. १९८६ च्या कायद्याने परदेशस्थ नागरिक अमेरिकेतल्या आपल्या शेवटच्या पत्त्याच्या राज्यात टपाली मत देऊ शकतो; अर्ज दर वर्षी नव्याने करावा. ओसीआय कार्डावर भारतात मत नाही, हे त्याला सांगून ठेवा. दर लोकसभेला तो यादीत नाव शोधतो.

१८. २६९-२६९ झालं तर?

अशक्य समजू नका. २०२० मध्ये जॉर्जिया, अ‍ॅरिझोना आणि विस्कॉन्सिन मिळून बायडन यांची आघाडी ४३ हजारांच्या आत होती. ती तीन राज्यं दुसरीकडे गेली असती तर नेमकं हेच झालं असतं. मग नवं प्रतिनिधिगृह राष्ट्राध्यक्ष निवडतं, पण ४३५ मतांनी नाही. दर राज्याला एक मत, आणि २६ राज्यं हवीत. १८२४ च्या निवडणुकीत कुणालाच बहुमत नव्हतं. सर्वाधिक मतं अँड्र्यू जॅक्सन यांची, पण सभागृहाने जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना निवडलं. उपराष्ट्राध्यक्ष वेगळे निवडले जातात, सेनेटमध्ये, त्यामुळे दोघं दोन पक्षांचे निघू शकतात. वायोमिंगचं एक मत, कॅलिफोर्नियाचं एक मत. एखाद्या राज्याचे प्रतिनिधी निम्मे-निम्मे फुटले तर त्या राज्याचं मत कुणालाच नाही. आणि वॉशिंग्टन डीसीला इलेक्टर ३ असले तरी या फेरीत मत शून्य.